पावाला न येणारे मासे

"समुद्र मारलात तुम्ही, आणि वर त्याला रंग फासलात!" दिगंबर खोबरेकरने हातातला मासा मत्स्य खात्याच्या साहेबांच्या टेबलावर आपटला. मासा खणकन वाजला.

मासेमारी आणि डुबकीवरची बंदी उठल्यावर आज पहिल्यांदाच तो पर्यटकांना घेऊन खडकापाशी पाण्याखाली उतरला होता. जुन्या सवयीने त्याने पाण्यात पाव कुस्करला. पूर्वी नुसती झुंबड उडायची. आज निळेपिवळे मासे शिस्तीत फिरत राहिले, एकानेही पावाला तोंड लावलं नाही. त्याने एक पकडला, तर पोटाखाली चार्जिंगची खाच.

"अरे दिगू, फोटो झकास येतात ना? मग?" साहेब हसले.

"मासे परत येतील म्हणालात, म्हणून गावाने पाच वर्षं जाळी गुंडाळून ठेवली. उद्या नारळ वाहून होड्या निघतील. पहिल्या होडीत माझा बाप आहे. त्याच्या जाळ्यात काय येणार? बोला!"