सोडलेलं नाव

बारा वाजता जुनं नाव बंद झालं आणि बारा वीसला ते कोणीतरी उचललं.

विकासने ते स्क्रीनवर पाहिलं. कर्जतच्या ऑफिसात बसून तो कारखान्यांतल्या गॅसगळतीच्या भोंग्यांचं सॉफ्टवेअर सांभाळत असे. त्या सॉफ्टवेअरला लागणारं कोडचं एक तयार पॅकेज वर्षभर इंटरनेटवर नव्या नावाने मिळत होतं. जुनं नाव आज कायमचं सुटलं. सुटलेलं नाव कोणीही आपल्या कोडला चिकटवावं आणि त्या नावाने मागणाऱ्या मशीनने ते निमूट गिळावं, असा सगळा कारभार. महिनाभर खपून त्याने एकेका मशीनच्या यादीत जुन्याच्या जागी नवं नाव घातलं होतं.

एक सोडून. शिळफाट्याजवळच्या कारखान्यातलं मशीन अजून जुनंच नाव मागत होतं, आणि एक वाजता पुन्हा मागणार होतं. तिथे त्याची धाकटी बहीण संध्या पॅकिंगला होती. कोणी परका त्या भोंग्यात काय घालेल, कोण जाणे.

कर्जतहून ते बदलता येत नव्हतं. त्याने तिथल्या इलेक्ट्रिशियनला, कमलेशला, फोन लावला.

"भोंग्याचं मशीन बंद कर. आत्ता."

"नुसती नेटची वायर काढू का?"

"कुठली वायर कुठली, तुला नाय समजायचं रं. सगळंच बंद कर. मी निघालोच."

"बघा, तुमी म्हणता म्हणून करतो."

बारा पंचावन्नला मशीन बंद झालं. विकास बॅग घेऊन जिना उतरत होता, तेवढ्यात त्याची सहकारी सुप्रिया जेवून वर येताना भेटली. त्याचा उतरलेला चेहरा बघून ती थांबली. त्याने घडलेलं सांगितलं.

"अरे, ते नाव मीच घेतलंय," ती म्हणाली. "आपण वापरत होतो तोच जुना कोड त्यात टाकून ठेवलाय. भलत्याच्या हाती जायला नको म्हणून. तुला सांगायचं राहिलंच बघ."

विकास पायरीवरच बसला. त्याच्या जिवात जीव आला, स्वतःच्या भित्रेपणाचं हसूही आलं. मशीन चालू करायला सांगावं म्हणून त्याने कमलेशला फोन केला; तो उचलेना. मग संध्याला लावला.

"काय गं, जेवलीस?"

"बसतेच हाय, दादा," संध्या खोकत म्हणाली. "आज डोळे लय चुरचुरतायत, घसा पण जळतोय. पण भोंगा नाय वाजला, म्हणून आमी सगळ्या हितंच बसलोय."