चौथं नाव

सामोआच्या इतिहासाचा तो जाडजूड ग्रंथ पेनिनाने दोनदा वाचून काढला होता. नवी आवृत्ती निघणार म्हणून प्रकाशकांनी वाचकांचे अभिप्राय मागवले होते, आणि शाळेत इतिहास शिकवणाऱ्या पेनिनाला थेट तो लिहिणाऱ्या नामांकित प्राध्यापकांची चूक सापडली होती. तीही तिच्याच घराण्याच्या वंशावळीत! अभिप्राय लिहून तिने तो ऐटीत आजोबांना वाचून दाखवला.

"चौथं नाव चुकलंय, आजोबा. एवढा मोठा विद्वान, आणि साधं एक नाव धड लिहिता येईना!"

आजोबा काथ्याचा दोर वळत बसले होते. हात न थांबवता ते म्हणाले, "त्याला कशाला नावं ठेवतेस? बिचाऱ्याने सांगितलं तसंच लिहिलं. माझ्या वडिलांनी सांगितलं होतं त्याला, याच घरात, समोर बसवून."

"म्हणजे पणजोबांना आपली वंशावळ येत नव्हती?"

"झोपेतून उठवलं तरी म्हणायचे." आजोबा हसले. "म्हणून तर एकच नाव बदललं. पुढे तिघे जण येऊन गेले, आपल्या नदीकाठच्या जमिनीवर हक्क सांगायला. गावसभेपुढे वंशावळ घडाघडा म्हणून दाखवायचे. चौथ्या नावाला आले की आम्हाला कळायचं, हे आपल्या रक्ताचे नव्हेत, त्या पुस्तकातून जन्मलेत."

पेनिनाने अभिप्रायाचा कागद फाडला आणि नवा घेतला. ताठ मानेने, सुवाच्य अक्षरात तिने लिहिलं, 'अत्यंत विश्वसनीय ग्रंथ. नव्या आवृत्तीत एक अक्षरही बदलू नये.'