घरच्यांचा दर

“मयत तुमचे कोण?” विहाराच्या व्यवस्थापकानं विचारलं.

उत्तर वायरमनच्या बायकोच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. शेजारच्या खुर्चीतली इस्त्रीवाली म्हणाली, “नवरा.”

“आणि या?”

“माझी नणंद. गावाहून आलीय.”

व्यवस्थापकानं मान डोलावली. बायकोची नजर त्याच्या हातातल्या पेनावर खिळली. आता कागद मागणार, ओळखपत्र मागणार, पोलिसांना बोलावणार!

त्यानं काहीच मागितलं नाही. “इथे घरच्या माणसाचा शब्द पुरतो,” तो म्हणाला. “भन्तेजींसमोर कोणी खोटं बोलत नाही.”

हे ऐकून तर तिला आणखीच धडकी भरली.

कल्पना इस्त्रीवालीचीच होती. तिच्या दुकानावरच्या खोलीत या परक्या देशात कामाला आलेला वायरमन भाड्यानं राहायचा. कामावर असतानाच कोसळला, पुन्हा उठला नाही. त्याची बायको जन्मात पहिल्यांदा विमानात बसली, ती थेट शवागाराच्या दारात येऊन उतरली. तीन वर्षं त्याला सुट्टी मिळाली नव्हती. तीन वर्षांनी दिसला तो असा.

विहाराच्या दाहिनीत इथल्या कुटुंबांनी ऐपतीप्रमाणं दान दिलं की भागायचं. परदेशी माणसाचं मात्र सगळं अंत्यविधीच्या ठेकेदाराच्या हातात. गाडी त्याची, पेटी त्याची, विधीचा खर्चही तोच लावणार. त्याचा आकडा ऐकून तिला घेरी आली होती. घरदार विकलं तरी ते पैसे उभे राहिले नसते. आणि भरले नाहीत तर बेवारस म्हणून विल्हेवाट. ना त्रिसरण, ना पंचशील, ना अस्थी. निघताना सासूनं एवढंच बजावलं होतं, “माझ्या लेकाच्या अस्थी घेऊन ये. रिकाम्या हातानं येऊ नकोस.”

“मी बायको म्हणून उभी राहते,” इस्त्रीवाली म्हणाली होती. “इथल्या बाईचा नवरा म्हणजे घरचाच. दरही घरच्यांचाच लागेल.”

“पकडलं तर?”

“तर दोघी आत.”

“पण अस्थी माझ्याच हाती देशील ना?”

इस्त्रीवाली वायरमनसाठी पांढरा शर्ट इस्त्री करत होती. तिनं त्याची घडी घातली. “आधी सगळं पार तर पडू दे,” ती म्हणाली.

दाहिनीच्या दालनात गारवा होता. पायांखालची फरशी ओली होती. बायकोला कुठे उभं राहायचं तेही कळेना. इस्त्रीवालीनं मात्र चपला खांबामागे काढल्या, नळावर हात धुतले आणि भिंतीकडेच्या बाकावर तिला बसवलं. पांढरा शर्ट वायरमनच्या अंगाला बेतून शिवल्यासारखा बसला होता. रोज कपडे इस्त्री करणारीला माप ठाऊक असायचंच, बायकोच्या मनात आलं.

पण दाहिनीवाला इस्त्रीवालीकडे टक लावून बघत होता. पिकलेल्या मिश्यांचा, जाडजूड माणूस. लोखंडी दारापाशी जायचा आणि पुन्हा वळून बघायचा.

बायकोनं पदर पुढे ओढला. यानं ओळखलं. याचेही कपडे हिच्याच दुकानात जात असणार. हिला नवरा नाही हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असणार!

“तो बघतोय,” ती कुजबुजली. “चल, निघून जाऊ.”

“मुकाट बस.”

भन्तेजी आले. त्रिसरण झालं, पंचशील सुरू झालं. लहानपणापासून तोंडपाठ असलेलं, पण चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या शीलाशी, बायकोचा आवाज फुटेना. नवऱ्याच्या देहासमोर आपण नणंद बनून उभ्या आहोत. इस्त्रीवालीनं मात्र ते शील न अडखळता म्हटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज स्थिर. केवढं हे धाडस, बायकोला वाटलं, आणि तेही परक्या माणसासाठी. या बाईचे उपकार सात जन्मांत फिटायचे नाहीत.

भन्तेजी बाजूला झाले. दाहिनीवाला जवळ आला.

“शरीरात काही यंत्र आहे का? पेसमेकर वगैरे? आत तापलं की स्फोट होतो, म्हणून सगळ्यांनाच विचारतो.”

हे पढवायचं राहूनच गेलं होतं. बायकोनं हळूच मान हलवून खुणावलं, नाही म्हण.

“आहे,” इस्त्रीवाली म्हणाली. “छातीत, डावीकडे.”

संपलं सगळं. नसतं काहीतरी बोलून बसली! दाहिनीवाला शवागाराच्या माणसाला घेऊन पडद्यामागे गेला. आता काही सापडायचं नाही, मग खोदून खोदून विचारतील, आणि देह पुन्हा त्या थंड कपाटात जाईल. बायकोनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

बऱ्याच वेळानं पडदा सरकला. दाहिनीवाल्याच्या हातात स्टीलचा ट्रे होता. ट्रेमध्ये घड्याळाच्या तबकडीएवढं चपटं यंत्र.

बायको बघतच राहिली. मला काळजी नको म्हणून लपवलं असेल, तिनं मनाला सांगितलं. घरमालकिणीला कळणारच.

दाहिनीवाल्यानं ट्रे बाजूला ठेवला आणि तो सरळ इस्त्रीवालीसमोर येऊन उभा राहिला. बायकोला राहवेना. ती धडपडत मध्ये गेली आणि तिनं हात जोडले.

“दादा, हिचा काही दोष नाही. हिनं माझ्यासाठी...”

त्याचं तिच्याकडे लक्षच नव्हतं.

“बाई, मघापासून आठवत होतो,” तो इस्त्रीवालीला हलक्या आवाजात म्हणाला. “मागच्या साली तुमच्या तान्ह्या लेकीला घेऊन तुम्ही दोघं इथंच आला होतात ना? हे तिला छातीशी धरून बसले होते, काही केल्या सोडेनात. यांनाही तिच्याच दाहिनीत ठेवतो.”