उजवा हात

खुर्चीचा उजवा हात डावीकडे बसला होता.

मिस्त्रींनी चष्मा पुसला, खुर्चीला एक फेरी मारली, पुन्हा पाहिलं. काही फरक नाही. बाहेर वळायला हवा तो हात आत वळला होता, आणि डावा हात टेबलावर आपली पाळी यायची वाट बघत पडला होता. हाताचा बाक जेमतेम बोटभर. पण बसणाऱ्याचं पोट चेपायला तेवढा पुरे.

पण काल सकाळी तर त्यांनी नीट बघून लावला होता! उजवा म्हणजे बसणाऱ्याचा उजवा, बघणाऱ्याचा नव्हे, हे त्यांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांना ओरडून शिकवलं होतं. काल लावतानासुद्धा ते मोठ्याने पुटपुटले होते. की पुटपुटले परवा होते? छे, परवा तर लाकूडच तासत होते. डोक्याचा नुसता भुगा झाला.

गेल्याच महिन्यात मुलगी फोनवर म्हणाली होती, "बाबा, पुरे आता. दोघं आमच्याकडे या." त्यांनी बायकोच्या देखत तोऱ्यात उत्तर दिलं होतं, "ज्या दिवशी मला डावं-उजवं कळेनासं होईल ना, त्या दिवशी दुकानाला कुलूप लावून येईन." आता काय, शब्द गिळायचा? आत बायको लाकडाला पॉलिश करत होती, त्याचा वास येत होता. तिला कळायच्या आत हे निस्तरायला हवं होतं.

लाकूड चिकटवायला सरस बरा असतो, ऊब लागली की सुटतो. त्यांनी फडकं कढत पाण्यात बुडवून सांध्याला गुंडाळलं, वरून इस्त्री टेकवली, वाफ मुरू दिली. मग लाकडी हातोडीने अगदी हलक्या हाताने टकटक केलं. हात सुटून आला.

खाचेत बसणारं टोक त्यांनी उजेडात धरलं आणि ते आणखीच चक्रावले. टोकावर काचकागदाचे ओरखडे होते. त्यांनी जन्मात कधी सांध्याच्या आत काचकागद मारला नव्हता. तिथे पटाशीच चालायची. आणि खुर्चीच्या उजव्या खाचेत बोट घातलं, तर तिथेही सरस! म्हणजे हात आधी उजवीकडेच चिकटवला होता. मग कुणीतरी काढला, घासला आणि डावीकडे लावला.

या घरात काचकागद एकीच्याच हातात असे.

"अगं ए! जरा बाहेर ये."

ती हात पुसत दारात आली. सुटलेला हात बघून तिचा चेहराच उतरला.

"हा तू फिरवलास?"

"काल दुपारी. तुम्ही झोपला होतात." ती पुटपुटली. "सरस ओला होता. चष्मा नव्हता माझ्या डोळ्यावर. मला वाटलं, नेहमीसारखा उलटाच लागला असेल."

"म्हणजे मी बरोबर लावला होता!" मिस्त्री मांडीवर थाप मारून हसायला लागले. किती दिवसांनी असे हसले असतील! "चूक तुझी! अगं, सकाळपासून जीव टांगणीला लागला होता माझा. म्हटलं, संपलो आपण."

ती हसली नाही. हसता हसता त्यांचंही हसू हळूहळू थांबलं.

"नेहमीसारखा म्हणजे?"

तिने कोपऱ्यातल्या चुलीवर तापत असलेलं सरसाचं भांडं उतरवलं, ब्रश त्यांच्या हातात दिला आणि पदराने डोळे टिपून खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली.

"गरम आहे तोवर लावून टाका. उजवी बाजू कुठली, ते मी सांगते."