गाठीची बरणी

उदगीरच्या दवाखान्यात सरजाबाईच्या छातीतली गाठ काढली. डॉक्टरांनी ती बरणीत घालून तिच्या नवऱ्याच्या, व्यंकटीच्या हातात दिली. "आजच नांदेडला न्या," एवढंच त्याला ऐकू आलं; भीतीनं पुढचं काही डोक्यात शिरलं नाही. नांदेडला तो आजवर अस्थी घेऊनच गेला होता. दुष्काळानं गोदावरी कोरडी पडलेली, म्हणून त्यानं बरणी पात्रातल्या वाळूत पुरली आणि अस्थी सोडल्यावर परततात तसा मागं न बघता परतला.

आठ दिवसांनी डॉक्टरांनी विचारलं, "लॅबचा रिपोर्ट?"

"कशाचा, साहेब? रोग गंगेला देऊन आलो की."

"अहो, कॅन्सर आहे का नाही, ते त्या गाठीवरनंच कळणार होतं!"



दोन दिवस झाले, व्यंकटी वाळू उकरतोय; एकदा जरी वळून बघितलं असतं, तर जागा ध्यानात राहिली असती.