रिकाम्या सीटवरची दोरी

अमेरिकेतल्या मोआब गावातल्या शेडमध्ये, भर दुपारी, वर्नाने जुन्या जीपचं छत उतरवून ठेवलं. रविवारी तिची लेक टॅमी ही जीप खडकांवर चढवणार होती. उलटली तर मान वाचावी म्हणून वर पाइपांचा पिंजरा हवा होता. पाइप वाकवायच्या आधी वर्ना दोरीने माप घेई. सीटमागच्या लोखंडी कमानीपासून पुढच्या काचेच्या चौकटीपर्यंत, दोन्ही सीटच्या वरून एकेक दोरी, ताणून.

टॅमी हेल्मेट घालून, पट्टा आवळून बसली. डोक्यावर चार बोटं जागा उरली.

"ताठ बस गं. लग्नात बसली होतीस तशी पोक काढून नको."

"कुठल्या लग्नात, आई? तीन झालीत."

वर्ना हसत पलीकडे वळली. रिकाम्या सीटवरची दोरी मधोमध उचललेली होती. तिने बोटाने दाबली. खाली काहीतरी टणक, गोल लागलं.

"टॅमी, उतर. आत्ताच्या आत्ता."

"आता काय झालं?"

तेवढ्यात ती दोरी अलगद खाली येऊन सरळ झाली. वर्नाने श्वास सोडला.

मग टॅमीच्या डोक्यावरची दोरी हळूहळू वर उचलली गेली. हेल्मेटपासून चार बोटं, मग वीतभर.

"आई, पट्टा सुटत नाहीये," टॅमी म्हणाली. "आणि माझ्या मांडीवर एवढं जड काय आहे?"