हलकं वातावरण

माणसं सांभाळायची तर त्यांना हसवता आलं पाहिजे, हे साहेब नुकतंच एका प्रशिक्षणात शिकून आले होते. त्यात या महिन्यात कुणाकुणाची नोकरी जाणार, या धास्तीनं सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. म्हणून साहेबांनी ऑनलाइन मीटिंगची सुरुवातच एका विनोदानं केली.

विनोद संपवून ते स्वतः हसले, तशी पडद्यावरची सगळी टीम खदाखदा हसायला लागली. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी डोळे पुसले.

"विनोदात तुमचा हात कुणी धरणार नाही, साहेब!" अकाउंट्सच्या बाई म्हणाल्या.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. चला, माणसं अजून मोकळेपणानं हसतायत!

मग कामाचं बोलायला म्हणून ते जरा पुढे सरकले, तेव्हा त्यांना दिसलं, की आपला माइक सुरुवातीपासून बंदच होता.